पाच अँपिअर

सबरियाखालाच्या गच्चीवर दुपारी
पक्कड हातात धरवत नाही.
बालदीत बुडवायची, झटकायची,
मग एक स्क्रू.
पुन्हा बालदी.

बसऱ्यात वीज दोन घरची.
एक सरकारी, येते तेव्हा येते.
दुसरी गल्लीच्या टोकाला धडधडणाऱ्या
मुहैबिसच्या जनरेटरची,
अँपिअर मोजून विकतो, भाजीवाल्यासारखा.
खाला पाच घेते. रोखीनं.

एसीचे पैसे मुलानं पाठवले, स्वीडनहून.
बैठकीत लाव म्हणाला होता.
मी शिडी तिकडे नेली तर म्हणाली,
इकडे. स्वयंपाकघरात.
पाहुणे तासाभरात उठून जातात.
शेगडीशी मी उभी असते.

तिथल्या भिंतीत एक भोक तयारच होतं,
तिच्या नवऱ्यानं एरियलसाठी पाडलेलं,
रेडिओवर नावं वाचून दाखवायचे त्या सालात.
कुणाचं नाव, ते मी विचारलं नाही.
बोळा उपसला,
त्यातूनच तार घातली,
मीटरपासून सलग, कुठे जोड न देता.

लाल फेज. काळी न्यूट्रल.
अर्थिंगचीच पंचाईत.
अंगणातली माती खारी, दांडा वर्षात खाते.
शेवटी खजुराच्या बुंध्याशी ठोकला,
जिथे ती तांदळाचं धुवण ओतते.
म्हटलं, खाला, ओल असलेली जमीनच
धक्का पोटात घालते.
म्हणाली, मग कशाला दांडा,
मीच उभी राहते की तिथे.

चेंजओव्हर बसवला.
खटका वर म्हणजे सरकार, खाली म्हणजे मुहैबिस.
हिशेब सांगितला: मशीन एकटी पाच खाणार.
खाली असताना फ्रीज बंद, पंखा बंद, दिवाही.
बंद, म्हणाली.
अंधाराला अँपिअर लागत नाहीत.

खटका खाली केला.
मशीन कण्हली, आणि टोकाला
मुहैबिसचा ब्रेकर पडला.
तो शिव्या देत आला, शिव्या देत उचलून गेला.
दुसऱ्यांदा पडला नाही.

पाती उघडली.
खाला काही बोलली नाही.
पिठाचे हात तसेच वर धरून
वाऱ्यासमोर गेली,
मग वळून शेगडी पेटवली.

माझे पैसे तिनं आठ हजारांनी कमी दिले.
वर दोन भाकऱ्या,
त्या सायकलवर बसेपर्यंत
हाताला चटके देत होत्या.