अर्धा मिलिमीटर

पंधरा नोव्हेंबरला हरणांचा मोसम उघडतो,
म्हणून चौदाला माझं दुकान भरतं.
खिळे, रंगाचे डबे, बर्फाची फावडी बाजूला सारून
मी काउंटरवर काडतुसं उभी करतो.

सगळ्यांत शेवटी आली आइली कोस्केला.
शाळेच्या स्वयंपाकघरात मोठी पातेली घासते,
उजवा खांदा धरलेला.
नवऱ्याची तीस-झिरो-सिक्स आता सोसवत नाही.
"लाथा घालते मेली," म्हणाली,
"तो गेला, हिची खोड गेली नाही."

मी दोन ठेवली तिच्यापुढे.
हे दोनशे तेवीस. हे दोनशे त्रेचाळीस.
बंदुका दोन्ही आहेत, आधी काडतूस ठरव.
ह्याची गोळी पंचावन्न ग्रेन, त्याची शंभर.
ग्रेन म्हणजे दाणा, आइली, जवाचा.
चिमणीपुढे टाकावेत एवढ्या दाण्यांचा फरक.
जाडीत तर अर्धा मिलिमीटर,
नखातली मळी.
पहिल्याला धक्का जवळजवळ नाहीच,
दुसऱ्याला आहे, फुगलेलं दार ढकलावं तेवढा.

शेगडीपाशी बसलेला रेनो बोललाच मध्ये:
"नेम असला की दोनशे तेवीसही पुरतं.
माझ्या चुलत्यानं त्याच्यावर अकरा पाडली."
रेनोच्या चुलत्याची हरणं दर साली वाढतात.
चुलता जाऊन नऊ वर्षं झाली.

आइली हसली नाही.
हातमोजा काढून तिनं लहान काडतूस
बोटानं नुसतं आडवं केलं.

गेल्या साली भाच्याकडून हेच मागून नेलं होतं.
देवदारांच्या कडेला तरणा नर, सत्तर पावलांवर.
लागली. लागली की कळतं,
पाठ कमानीसारखी उचलते.
पण बर्फावर लाल टाचण्या फक्त,
दहा पावलांवर एक, मग तीस पावलांवर,
मग सरोवराकडून वारा सुटला
आणि वरून नवा बर्फ.
विजेरी मिणमिणून विझली तेव्हा
ती ओढ्याच्या पलीकडे होती, एकटी.
सकाळी पुन्हा गेली.
कावळे कुठंच उतरलेले नव्हते.
"उतरले असते तर बरं झालं असतं," म्हणाली.
"कुठं पडला ते तरी कळलं असतं."

रेनो शेगडीत ओंडका सारू लागला,
आत आधीच तीन होते.

मी भिंतीवरची जुनी बंदूक उतरवली,
शंभर ग्रेनची डबी कागदात गुंडाळली.
खांदा दुखेल हं, म्हटलं.
"दुखू दे."

पैसे मोजले. दारापर्यंत गेली,
घंटी वाजली, आणि परत आली.
एक विजेरी घेतली,
आणि सेलचे दोन जोड.