खाली उतरलेला डोळा

नक्षीचा कागद पिवळा पडलाय, कडा कुरतडलेल्या.
उजेडासमोर धरला की दिसतात
एक पक्षी, दोन डाळिंबं, भोवती वेल,
सगळं नुसत्या भोकांचं.
दोमितिल्लानं टोचला हा, सुईनं,
गुडघ्यांवर घोंगडीची घडी ठेवून.
पक्ष्याचा डोळा जरा खाली उतरलाय.
त्या क्षणी मीच आतून लाथ मारली, असं नात्सारेना सांगते.
तिची थोरली बहीण म्हणते, छे,
आईला डुलकी लागली होती.

देरूतात तेव्हापासून
आमच्या भट्टीचा पक्षी लगेच ओळखू येतो,
उडायचं सोडून
जमिनीवर सांडलेलं काहीतरी बघत बसलेला.

कोळशाची पुरचुंडी कागदावर थोपटायची,
कागद अलगद उचलायचा. ताटावर ठिपके.
मग कुंचला, श्वास धरून,
कारण कथलाचा कच्चा लेप पिठासारखा कोरडा,
रंग टेकला की गटकन पितो.
खोडायची सोय नाही.
आणि कोबाल्ट तरी हातात कुठे निळा असतो?
मळकट, भांडी विसळलेल्या पाण्यासारखा.
निळा आहे असं धरून चालायचं.
निळं काय ते भट्टी करते.

मार्चमध्ये पेरूजाच्या एका हॉटेलवाल्यानं साठ ताटं सांगितली.
फोनवर म्हणाला, तेवढा डोळा सरळ करा,
गिऱ्हाइकाला वाटतं पक्षी आजारी आहे.
मी जुन्या भोकावर चिकटपट्टी लावली,
केसभर वर नवं भोक पाडलं.
नात्सारेना खिडकीशी कुंचले धूत होती.
"कर," म्हणाली. एवढंच.

साठ पक्षी भट्टीतून निघाले
पासपोर्टच्या फोटोसारखे समोर बघत.
हॉटेलवाला खूश. पैसे वेळेवर.
थकलेलं वीजबिल भरलं.
रात्री ताटं निवताना वाजत राहिली,
टिण्, मग बऱ्याच वेळानं टिण्,
लेप आणि माती एकमेकांशी जुळवून घेतात तसा आवाज.

आज कागद पुन्हा काढला,
थोरलीच्या पणतीच्या बाप्तिस्म्याचं ताट करायला.
पट्टी सोलली तर
तिच्यासकट कागदाचा टवका निघून आला.
दोन्ही भोकं गेली.
कोळसा भसकन पडला, नुसता काळा डाग.
फुंकर मारली. डोळ्याची जागा कोरी.

कुंचला भिजवून विचारलं, कुठे?
नात्सारेनानं चष्मा काढला,
हात स्वतःच्या पोटावर ठेवला,
जरा वेळ तशीच बसली.
"खाली," म्हणाली.
"अजून थोडा."