उलट्या होडीखाली

आमच्या चिलोएच्या बेटांवर ईस्टर पानगळीत येतो.
पाद्री उत्तरेकडचा. वर्षातून एकदा लाँचमधून उतरतो,
बूट झटकतो, आणि पुस्तकातून वाचतो:
वसंत, कोंब, पिल्लं, फुलं.
आम्ही सगळे माना डोलावतो.
बाहेर सफरचंदं पडत असतात थपथप
आणि डुकरांची चंगळ.

मी रोसामेल गिनेओ. इथला फिस्काल,
म्हणजे पाद्री नसतो तेव्हा जो असतो तो.
जन्मलेल्याच्या कपाळावर पाणी मी लावतो,
मेलेल्याच्या उशाशी मी बसतो.
देवळाची किल्ली एकेचाळीस वर्षं माझ्या कमरेला.
तुला माहीतच आहे, प्रभू,
पण म्हाताऱ्याला पहिल्यापासून सांगू दे.

हे देऊळ बांधलं त्यांना होड्याच तेवढ्या बांधता यायच्या.
मग त्यांनी होडीच बांधली
आणि पालथी घातली भिंतींवर.
लहानपणी मान वर करून बघायचो,
वाटायचं, आपण बुडालोय सगळे,
आणि तरी गातोय.
पुढे स्वतःची होडी झाली तेव्हा कळलं,
हिवाळ्यात आपणही तिला पालथीच घालतो,
किनाऱ्यावर, फटी बुजवून.

एर्सिरा गेली फेब्रुवारीत, भर उन्हाळ्यात,
लोक गवत कापत होते.
मी तुझ्याशी अबोला धरला. आठवतं?
दार उघडायचो, घंटा द्यायचो, मेणबत्ती लावायचो,
शब्द नाही.
तूही नाही बोललास.
हट्टाला दोघं सारखेच.

एप्रिलात बटाटे काढायला गेलो. तिनं लावलेले,
जांभळे, वेडेवाकडे, आईच्या गावाहून आणलेलं बेणं.
कुदळीखाली एकेक वर यायला लागला,
गार, मातीनं माखलेला,
तिच्या हातचा.
गुडघ्यांवर होतोच, कामापुरता.
तिथंच अबोला मोडला.
काय बोललो ते इथं सांगत नाही,
देवळात म्हणण्यासारखं नव्हतं.
पण त्या रविवारी पाद्रीनं "तो उठला आहे" म्हटलं
तेव्हा माझ्या नखांत अजून माती होती
आणि मला पानगळीची लाज वाटली नाही.

नंतर समुद्रानं उंबरा खाल्ला.
शेजारी आले, बैलांच्या सहा जोड्या आल्या,
घराखाली ओंडके घातले आणि घर
आहे तसं, चुलीत विस्तव असताना, टेकडीवर ओढलं.
मी आतच बसलो, कपबशा धरून.
खिडकीतून देऊळ सरकताना दिसलं,
मागे, मागे, झाडांआड.
ओरडणार होतो, थांबवा, देऊळ चाललं!
मग हसू आलं.
देऊळ होतं तिथंच होतं.
चाललो होतो मी.

या ईस्टरला किल्ली यास्ना मिल्याल्देओला दिली.
सव्वीस वर्षांची, सामनच्या कारखान्यात रात्रपाळी करते,
हाताला माशाचा वास, तोंडात च्युइंगगम.
काही म्हातारे कुरकुरले. मीही, मनातल्या मनात.
तिनं विचारलं, "काय काय लक्षात ठेवू?"
मला वाटलं, आता काहीतरी मोठं सांगावं.
म्हटलं, घंटेच्या जिन्याची तिसरी पायरी कुजलीय.
पावसात कुलूप फुगतं, किल्ली जरा उचलून फिरव.
मेणबत्त्या डब्यात ठेव, उंदीर खातात.
ती म्हणाली, "बस, एवढंच?"
एवढंच, पोरी.
बाकीचं तो ज्याचं त्याला सांगतो.

आता शेवटच्या बाकावर बसतो.
कंबर हलकी झालीय, हात अजून चाचपतो.
यास्ना स्तोत्र चुकीच्या सुरात उचलते,
आणि छप्पर, बरं का, तरी भरून जातं.

ऑगस्ट आहे. आठ दिवस पाऊस.
डोळ्यांत मोतीबिंदू, तुझा क्रूसही दोन दिसतात,
मी मधल्या जागेकडे बघून नमस्कार करतो.
काल बेणं बघायला तळघरात उतरलो, दिवा न घेता,
आता दिव्याचा उपयोग तरी काय.
टोपलीत हात घातला.
बोटांना लागलं:
अंधारात, कुणी न सांगता,
बटाट्यांना डोळे फुटलेत.