रंधा

नोव्हेंबरात ती पाटी आली बाबांकडे.
देवदाराची फळी, पुरुषभर उंच.
तिच्यावर आधीचं काहीतरी होतं, लढाईच्या दिवसांतलं,
ते आता कुणी मोठ्याने वाचत नव्हतं.
"तासून घ्या," उबुकाता-सान म्हणाले, साकेच्या भट्टीचे मालक,
"आणि लिहा, प्रगती पक्ष."
बाबांनी रंधा मारला. काळ्या ढलप्या पडल्या.
मी त्या शेगडीत घातल्या. चांगल्या जळल्या.

मी तेव्हा अकरा वर्षांची.
विचारलं, प्रगती म्हणजे कुठे जायचंय?
बाबा म्हणाले, शाई उगाळ.

माणसं ओळखीचीच होती :
खताच्या दुकानाचे, रेशीम-गिरणीचे,
आणि शिमोजो, जे गेल्या साली
धातूच्या भांड्यांची यादी घेऊन दारोदार फिरत.
आईची कढई त्यांनीच नेली, तोफेसाठी.
आता दारात जोडे काढून, कंबरेत वाकून
आईलाच म्हणाले, यंदा बायकांनाही मत आहे.
आई म्हणाली, कढई?

जानेवारीत टोकियोहून यादी आली.
लढाई चालवणाऱ्यांना सार्वजनिक कामाची बंदी.
उबुकाता-सान तिसऱ्या ओळीत.
दार बर्फात बुडालेलं, म्हणून ते
माडीच्या खिडकीतून बाहेर पडले,
टोपी हातात धरून,
आणि बर्फावरून भट्टीकडे चालत गेले.
त्यांच्या जागी भाचा उभा राहिला.
भाषण पाठ, खाकरणं मामाचं.
एप्रिलात आईने मत दिलं. कुणाला,
ते तिने बाबांनाही सांगितलं नाही.

पुढल्या मार्चअखेर फळी पुन्हा ओट्यावर.
दीड वर्षही नाही झालं.
शेजारचं बाळ तेवढ्यात जेमतेम चालू लागलेलं.
"प्रगती काढा," भाचा म्हणाला. "आता नवा पक्ष."
"माणसं?"
तो हसला.
बाबांनी अंगठ्याने कड चाचपली.
"बोटभर उरलीय. अजून एकदा सोसेल."
"लाकूड मिळत नाही हो हल्ली."
"नावं मिळतात," बाबा म्हणाले, आणि रंध्याचं पातं ठोकून बसवलं.

तिसऱ्या खेपेला ती मधोमध तडकली.
अर्धी कुठे गेली, माहीत नाही.
अर्धी आईने मुळ्याच्या पिंपावर ठेवली, वर धोंडा.
शाई लाकडात खोल गेलेली. झाकणाच्या पोटाशी
एका अक्षराचा पाय दिसे, चालल्यासारखा.
त्या हिवाळ्यात लोणच्याला शाईचा वास येतो म्हणून
बाबांनी ताट सरकवलं.
मला तर नुसतं मीठ लागलं.
आईने दुसऱ्यांदा वाढून घेतलं.
म्हणाली, कढई मात्र गेलीच.