माशाच्या कातड्याचे जोडे

कारखान्यात माझं काम एकच.
पट्ट्यावरून कॉड येतो, यंत्र त्याची कातडी ओढून घेतं,
जिथं ती चिकटून राहते तिथं मी सुरी घालते.
सव्वीस वर्षं. बोलुंगार्विक, धक्क्याजवळची निळी शेड.
कातडी कुठं सुटते आणि कुठं हट्ट धरून बसते
हे मला कुणा डॉक्टरनं सांगायला नको.

तरी त्यानं सांगितलं.
स्नाइब्योर्न नाव त्याचं, माझ्या आउस्दिसहून चारेक वर्षांनी मोठा असेल.
या कमरेपासून त्या कमरेपर्यंत पेनानं रेघ ओढली,
मोजणीवाला शेताची हद्द आखतो तशी.
बेंबी नवी करावी लागेल, म्हणाला.
जुनीचं काय होतं?
तो हसला.
मी विनोद केला नव्हता.
त्या गाठीच्या पलीकडे एकेकाळी माझी आई होती.

एकसष्ट किलो गेले.
राहिली ती ही, घरातली माणसं निघून गेल्यावर
दोरीवर विसरलेल्या चादरीसारखी.
बसले की मांडीवर येऊन बसते,
धावले की माझ्या अर्धं पाऊल मागून धावते.
घडीखाली ओल धरते, पुरळ उठतं.
ग्राझिनानं नातवाचं मलम दिलं, लंगोटाखाली लावायचं,
पोलिश अक्षरं, झाकणावर बदकाचं पिल्लू.
पुरळ पुरेसं लाल नाही, असं सरकारी पत्र आलं.
फोटो पुन्हा पाठवा. उजेडात काढा.
डिसेंबरात! इथं!

दुकानात म्हणतात, सोल्रून, अगदी कात टाकलीस!
या बेटावर साप नाहीत.
कात कशी टाकतात, कुणाला विचारू?

तलावात उतरण्याआधी सगळ्या बायकांनी
उघड्यानं अंघोळ करायची, हा इथला नियम.
शेजारच्या नळाखाली चारेक वर्षांची पोर,
बघत राहिली, मग विचारलं, तू कोट घालून अंघोळ करतेस?
तिची आई लाल झाली.
मी म्हटलं, हो गं, याची बटणं आतल्या बाजूला आहेत.
तिला ते पटलं.
मला मात्र रात्रभर बटणं सापडत नव्हती.

गुन्नस्टेनचा हात झोपेत अजून जुन्या हद्दीशी थांबतो,
माझ्यापासून वीतभर अलीकडे, हवेत.
मी आहे तिथून सरकत नाही.
तोही.

काढलेली कातडी कुठं जाते, हे मात्र विचारलंच.
पिशवीत, मग भट्टीत. अडीच किलो भरेल.

पणजीच्या काळी इथले लोक
माशाच्या कातड्याचे जोडे घालून डोंगर ओलांडायचे,
आणि घाट मैलांत नव्हे, जोड्यांत मोजायचे.
हा घाट तीन जोड्यांचा, तो सातांचा.
अडीच किलोत किती जोड होतील?
आणि घालायचे कुणाच्या पायांत?
त्या जाड्या बाईच्याच, दुसरं कोण.
दुखऱ्या घोट्यांवर तिनं पाळ्या केल्या,
आउस्दिसला पोटावर निजवलं, पोर तिथंच झोपायची,
दुसरीकडे ठेवली की रडायची.
सगळे म्हणतात ती गेली, बरं झालं.
तिच्या अंगावरचं शेवटचं वस्त्र माझ्याकडे आहे,
आणि मी ते जाळायला देणार.

मग स्वतःलाच म्हणते, कातडीबचाऊ!
नुसतं सुरीला भितेस, आणि नाव तिचं घेतेस.
तेही खरं असेल.
सुरीच्या या टोकाला मी कधी उभी राहिलेच नाही.

दहा दिवस वाकायचं नाही, असं कागदावर आहे.
जेवताना मोठ्यानं वाचलं, मग बूट कोण घालणार?
गुन्नस्टेन हॅडकचे काटे काढत होता.
मी, म्हणाला, मान वर न करता.
हा माणूस, स्वतःच्या नाड्या न सोडता
बूट टाचेनं टाचेवर रेटून काढणारा.

कागद बटाट्यांच्या टोपलीखाली आहे.
तारीख लिहिली आहे,
पेन्सिलनं.