हातोटी हा शब्द यादीत नाही

नोव्हेंबर संपत आलेला. ट्रोम्सोत आता
जानेवारीपर्यंत सूर्य नाही.
दुपारी दोनच्या अंधारातून मारेत आली,
बुटांवरचा बर्फ माझ्या टेबलापाशी वितळू देत म्हणाली,
काहीच सापडत नाही.

सापडलं होतं. एकोणीस हजार चारशे निबंध.
त्या लांबट चौकटीत तिनं लिहिले होते दोनच शब्द:
पक्षाघात, हात.
एवढ्या ढिगापुढे कुणीही हात टेकेल.

मी खुर्ची ओढली.
सव्वीस वर्षं हेच करते आहे, तरी
पहिला प्रश्न विचारायला दर वेळी थोडी लाज वाटते,
कारण तो ग्रंथालयाचा नाही:
कुणाचा हात?

यालमारचा. एकाहत्तर वर्षांचा.
डावा हात फेब्रुवारीपासून मांडीवर पडून असतो,
दुसऱ्या कुणाचा तरी ठेवायला दिल्यासारखा.
रंगीत शंकू एकावर एक रचा म्हटलं
की तो खिडकीबाहेर बघतो.
आणि त्याला काय करायचंय?
मारेत गप्प. मग म्हणाली,
गळांना आमिष लावायचंय.
लांब दोर, चारशे गळ, प्रत्येकाला हेरिंगचा तुकडा.
तो म्हणतो, हे काम डोक्याला माहीत नसतं, हाताला असतं.

आमच्याकडे त्याला होन्लाग म्हणतात. हातोटी.
विषयशब्दांच्या यादीत मी शोधलं.
पकड आहे, स्नायूबल आहे, बोटांची चपळता आहे.
हातोटी नाही.

मग बसलो दोघी जाळं विणत.
"आणि" घातलं की जाळं आवळतं,
"किंवा" घातलं की पसरतं,
"वगळून" जपून वापर, पोरी,
जे वगळलं ते परत येऊन दार वाजवत नाही.
पक्षाघात किंवा मेंदूतला रक्तस्राव.
आणि मासेमारी किंवा विणकाम किंवा स्वयंपाक
किंवा, तिनं आपणहून घातलं, रोजचं काम.
एकोणीस हजारांचे तीनशे बारा झाले,
तीनशे बाराचे सतरा.

सतरांतला एक तिला फार आवडला:
शंकूंऐवजी पावाचं पीठ मळायला दिलेली माणसं.
किती माणसं? मी विचारलं.
तिनं पान खाली सरकवलं. चार.
शितावरून भाताची परीक्षा होते, पण
चार शितांवरून अख्ख्या गावाचं जेवण ठरत नाही.
तिचा चेहरा पडला. मी म्हटलं, टाकू नकोस,
फक्त चार होती हे लपवू नकोस.

तळटीपेत एक जुना प्रबंध होता,
तोर्शाव्हनच्या कपाटात, टंकलिखित, एकच प्रत.
मी मागणीपत्र भरलं.
अकरा दिवसांनी समुद्रावरून तपकिरी पाकीट आलं.
अठ्ठ्याऐंशीव्या पानावर दोन परिच्छेद,
फाटकं जाळं एका हातानं धरून
दुसऱ्यानं सांधणाऱ्या माणसाबद्दल.
समासात कुणीतरी पेन्सिलीनं लिहिलेलं: अंगठा बघा.

त्यानंतर ती तीन आठवडे दिसली नाही.

आली तेव्हा प्रबंध परत करायची तारीख उलटून गेलेली
आणि पानांना हेरिंगचा वास.
तारेचे बोथट गळ केले होते तिनं. यालमारनं
दहांतल्या तिघांना आमिष लावलं,
मग पाऊण तास तिला शिव्या घातल्या,
मासा असा कापतात का म्हणून.
फेब्रुवारीपासून तो इतका कधी बोलला नव्हता.

दंडाची पावती मी केली नाही.
पाकीट बंद करताना चिकटपट्टी सुटेना,
डाव्या हाताची नखं लावली, मग दात.
मारेत बघत होती.
किती दिवस झाले, अंगठा?
काही नाही गं, थंडीनं.
तिनं खुर्ची ओढली. माझीच, माझ्यासारखीच.
आणि तुम्हाला काय करायचंय त्यानं?

मागे ओद्वार उभा, प्रिंटर अडकलाय म्हणून.
मी म्हटलं, ऑगस्टपासून एक बरणी आहे,
मल्ट्याचा मुरंबा.
अजून उघडलेली नाही.