सातव्या क्रमांकावर

मंगळवारी चारला पान बंद होतं.
त्याआधी सात गावांचं नशीब
टायरवाल्याच्या जाहिरातीच्या वर
उरलेल्या जागेत बसवायचंय मला.

एकतीस वर्षं हेच. नोव्हेंबर, मोंटानाचा वारा,
बर्फ अजून कुंपणाशी घुटमळतोय,
आणि मी एकेका कोचला फोन लावते.
सगळे एकच सांगतात: एका वेळी एक सामना.
नॉर्डालचा टेलफसन तर
मी हॅलो म्हणायच्या आत सांगून मोकळा होतो.

पहिलं नॉर्डालच. यात होरा मांडण्यासारखं काही नाही.
ब्रिटा आमुन्सन, सहा फूट एक इंच,
उन्हाळाभर गवताचे गठ्ठे उचलून
खांदे कोठाराच्या दाराएवढे झालेत.
गेल्या मार्चात हरल्यावर ती रडली नाही म्हणे,
बसमध्ये बसून सगळ्यांची सँडविचं संपवली.

दुसरं वॉल्डेक.
तिथल्या दोघी बहिणी एकमेकींशी बोलत नाहीत,
पास मात्र न बघता देतात.

तिसरं रेड विलो: त्यांच्यामागे
शंभर मैलांवरून गाड्यांची रांग येते,
पाहुण्यांच्या बाजूला पाय ठेवायला जागा उरत नाही,
यजमानच भिंतीला टेकून उभे.

इथून पुढे मी शिसपेन्सिल घेते.
एल्म कूलीचा गुडघा
(गुडघा एकट्या मार्नीचा, लंगडतंय अख्खं गाव)
जानेवारीपर्यंत बरा झाला, तर माझं सगळं खोटं.
सेंट वेन्सेलकडे उंची नाही, नवी फरशी आहे.
"फरशी काही उडी मारत नाही," त्यांचाच कोच म्हणाला,
आणि लगेच म्हणाला, हे छापू नकोस.
हार्लिंगचा कोच रिफायनरीत गेला,
आता गणिताची मास्तरीण शिकवतेय. तेवीस वर्षांची.
शिट्टी अजून दोन्ही हातांनी धरते.

राहिलं ग्रॅव्हल ब्यूट. माझं गाव.
शाळेत मुलं चौदा, संघात मुली पाच.
बाकावर पाण्याच्या बाटल्या आणि कोचचा कोट.
पाच फाउल झाले की मुलगी बाहेर,
मग चौघी खेळायचं, मग तिघी.
पाचामुखी परमेश्वर खरा,
पण सहावं तोंड नसलं की
त्याचीही पाचावर धारण बसत असेल.

माझ्या पहिल्याच वर्षी मी त्यांना तळाला टाकलं होतं.
कात्रण लॉकर रूमच्या दारावर चिकटलं,
येता-जाता प्रत्येकीची त्यावर थाप.
मार्चात चषक घेऊन गेल्या,
आणि मला एक केक पाठवला,
खाली तोच लेख पसरून, लोण्याने पारदर्शक झालेला.

या वर्षी मी त्यांना पाचवं लिहिलं.
का, ते विचारू नका.

काल रात्री लव्हॉन स्टेंगेलचा फोन.
कुणीतरी छापखान्यातून फोडलं असणार.
"पाचवं? कीव आली का?"
मी म्हटलं, तुमचा बचाव चांगला आहे.
"आमचा बचाव म्हणजे बचावलेल्या पाच जणी," ती म्हणाली.
मग जरा वेळ नुसता वारा, तिच्याकडचा आणि माझ्याकडचा.
"पुढच्या वर्षी आमच्या पोरी वॉल्डेकच्या बसमध्ये बसतील,
वॉल्डेकचा निळा घालतील.
हे दार या हिवाळ्यापुरतंच उघडं आहे, ओर्ला.
त्यावर लावायला काहीतरी दे."

आज दुपारी तीन वाजून चाळीस मिनिटं.
पाचवं खोडलं. हार्लिंग, वेन्सेल एकेक पायरी वर.
सातवं: ग्रॅव्हल ब्यूट.
उंची नाही. बाक नाही. चौथ्या क्वार्टरला श्वासही नसेल.
एकही सामना जिंकल्या तर या लेखिकेला आश्चर्य वाटेल.
इतकं वाईट मी कुणाबद्दल
इतक्या काळजीने कधी लिहिलं नव्हतं.
एक स्वल्पविराम तीनदा हलवला.

पान गेल्यावर लव्हॉनला फोन केला.
अंकासोबत चिकटपट्टी पाठवू का, विचारलं.
म्हणाली, नको, आहे.
गुडघ्यांना लावून उरेल तेवढी.